रानचेरीच्या गोळ्या आणि चौथा प्रश्न

एफ्राइम, युटा
शुक्रवार, १० ऑक्टोबर

परममित्र, शाळासोबती आणि अलीकडे एवढा मोठा माणूस झालेला की ज्याला अरे-तुरे करावं की नाही असा मला प्रश्न पडतो, त्या रुलॉन बेक यास,

ओर्लिन निल्सनचा इथल्या गार वाऱ्यातून तुमच्या अ‍ॅरिझोनाच्या भट्टीत सप्रेम नमस्कार. तुझी प्रकृती ठणठणीत असेलच (कंपनीत नीलम पदाला चढलेल्या माणसाची प्रकृती बिघडली तर गोळ्या विकायच्या कुणी?). जोलीन वहिनींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना वाईट पाय आधी. माझी व्हर्ला हेच म्हणत असे, आणि म्हणता म्हणता स्वतः उलटं करत असे. तिला जाऊन येत्या थँक्सगिव्हिंगला चार वर्षं होतील. मी बरा आहे. घर बरं आहे. टर्कीच्या शेडवरून वारा सुटला की गावाला जो वास येतो तो अजून येतो, तेव्हा गावही बरं आहे असं समज.

या पत्रात तक्रार मुळीच नाही. (एक आहे, ती पुढे येईलच.) सप्टेंबरचा पहिला मंगळवार गेला, ऑक्टोबरचा गेला, आणि तुझा फोन आला नाही, एवढंच. तू म्हणशील, मग तूच का नाही केलास? रुलॉन, तू माझ्या वडिलांना ओळखत होतास. सात घरांत मिळून एक फोनची तार होती तेव्हा त्यांनी आम्हाला नियम घालून दिला होता, की फोन दोनच कारणांसाठी उचलायचा: कुणी मेलं तर, किंवा कुणाची गाय सुटली तर. माझ्याकडे आता गाय नाही, आणि मी अजून मेलेलो नाही. म्हणून पत्र.

गेल्या वर्षीच्या जूनमधला तो मंगळवार तुला आठवतो का? सकाळचे दहा वाजले होते. तू अ‍ॅरिझोनात, मेसाला राहायला जाऊन बावीस वर्षं झाली होती. पहिली काही वर्षं नाताळला पानभर पत्र यायचं, मग चार ओळी यायच्या, मग नुसतं छापील नाव असलेलं कार्ड यायला लागलं, आणि मीही तसंच पाठवायला लागलो. आणि त्या दिवशी मी फोन उचलतो तर पलीकडून आवाज, "ओर्लिन, तुझ्या पेशी गंजतायत." बावीस वर्षांनी पहिलं वाक्य हे! मी म्हटलं, "कोण बोलतंय?" तू म्हणालास, "मी बोलतोय लेका, रुलॉन. पण पेशींचं आधी ऐक." मग तू वीस मिनिटं कागदावरून वाचत होतास, हे मला तिकडच्या सळसळीवरून कळत होतं. अँटिऑक्सिडंट म्हणजे काय, शरीराला गंज कसा चढतो, साखर कशी ताब्यात येते, सत्तरीतही अंग कसं चपळ राहतं. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. मी फक्त तुझा आवाज ऐकत होतो. तो थोडा घोगरा झालाय, पण "र" म्हणताना अजून ट्रॅक्टर चालू होत नसल्यासारखा अडतो. शेवटी मी विचारलं की इतक्या वर्षांनी माझी आठवण कशी झाली, तर तू प्रामाणिकपणे सांगून टाकलंस की कंपनीने ओळखीच्या शंभर माणसांची यादी करायला सांगितली आणि त्यात मी त्रेसष्टावा होतो. (बासष्टावा कोण, हे विचारल्यावर कळलं की तुझ्या दाढा काढणारा डॉक्टर. म्हणजे जो तुझ्या तोंडातून वस्तू काढून घेऊन गेला तोसुद्धा माझ्या आधी!)

तरी मी डबा मागवला. खरं सांगायचं तर त्याच महिन्यात दवाखान्यात माझी तीन महिन्यांची साखर साडेआठ निघाली होती, आणि डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं होतं, जसं आपल्या मास्तरीणबाई पाहायच्या. साखर वाढणार नाही तर काय होईल? आपल्या चर्चच्या मंडळींना कॉफी वर्ज्य, चहा वर्ज्य, दारू वर्ज्य, तंबाखू वर्ज्य. मग माणसाने जगात करायचं तरी काय? आइस्क्रीम खायचं. लग्न असो, बारसं असो, मयत असो, टेबलावर केक आणि हिरवी जेली ठरलेली. शिवाय मला वाटतं हा त्या बीटांचा सूड आहे. आपण दोघांनी साखरेच्या कारखान्यासाठी बीटांची विरळणी करण्यात किती उन्हाळे घालवले! हातभर दांड्याचं खुरपं, कमरेत वाकून मैलभर लांब सरी, आणि तुझे वडील बांधावरून ओरडायचे, "एक ठेवा, बाकी काढा! एक ठेवा!" आपण लाखो बीटं उपटून मारली असतील. जी ठेवली ती सगळी साखर होऊन आता माझ्या रक्तात येऊन बसली आहेत.

डबा आला आणि त्यावरचं चित्र बघून मी मोठ्याने हसलो. रानचेरी! ओढ्याकाठी माजणारी, तोंडाचं चामडं करणारी आपली तुरट रानचेरी, जिचा अर्क काढून तुमच्या कंपनीने त्याला चार ओळींचं नाव दिलं होतं. अरे, ही आपण ऑगस्टअखेर बादल्या भरून आणायचो ना! तुझ्या आईची जेली, माझ्या आईचं सरबत. पाचवीत असताना तू पैजेवर मूठभर कच्ची खाल्लीस, आणि दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये प्रार्थना म्हणायची तुझी पाळी होती तर जीभ हलेना. तू तसाच उभा, डोळे मिटून, आणि सगळी मंडळी समजली की मुलाला भरून आलंय. तुझी आई तर रडायलाच लागली. मी बाकाखाली तोंड घालून हसत होतो म्हणून मला मार बसला, आणि तुला मात्र संध्याकाळी पाय मिळाला. (म्हणजे सफरचंद भरून भाजलेला, खायचा पाय. मलाही एक तुकडा आणून दिलास, हे कबूल करतो.) आता तीच रानचेरी जांभळी पूड होऊन गोळीत बसून, हजार मैलांचा प्रवास करून, ती जिथे झाडावर फुकट लागते त्याच गावात माझ्याकडे परत आली होती. पहिली गोळी मी न वाचता चावली. दात, जीभ, रुमाल आणि व्हर्लाने विणलेला टेबलरुमाल असं सगळं जांभळं झालं. दोन दिवस मी तोंड मिटून हसत होतो.

पण मला सांगायचंय ते गोळ्यांचं नाही, तुझ्या आठ प्रश्नांचं. कंपनीचा नियम, की ग्राहकाला महिन्यातून एकदा फोन करून आठ प्रश्न विचारायचे. तू पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला फोन करायचास आणि चष्मा लावून सुरुवात करायचास, "ग्राहकाचं पूर्ण नाव?" मी म्हणायचो, "अरे गाढवा, माझं नाव तुला माहीत नाही?" तू म्हणायचास, "नियम आहे. पूर्ण नाव." मग प्रश्न सुरू: पहिला झोप, दुसरा पाणी, तिसरा भाज्या. तिसऱ्या प्रश्नावर मी हिरवी जेली सांगितली तेव्हा तू म्हणालास, "ओर्लिन, जेली ही भाजी नाही." मी म्हटलं, त्यात गाजर किसून घातलेलं असतं. तू म्हणालास, "मग मी गाडीत टर्की घेऊन गेलो तर गाडी काय अंडी घालेल?" आणि चौथा प्रश्न: "रोज चालता का, आणि किती?" पहिल्या महिन्यात मी "हो, चालतो" असं ठोकून दिलं. तू म्हणालास, "कुठपर्यंत?" मी म्हटलं, वरच्या पाटापर्यंत. तू म्हणालास, "मग पाटाच्या लोखंडी दारावर आपण कोरलेली नावं अजून आहेत का?"

आता मेलो ना मी! सातव्या वर्षापासून तुला माझं खोटं पकडता येतं. मी म्हटलं, चष्मा नव्हता, पुढच्या वेळी बघून सांगतो. आणि दुसऱ्या दिवशी बूट चढवून निघालो. रुलॉन, मी व्हर्ला गेल्यापासून टपालपेटीच्या पलीकडे पायी गेलो नव्हतो. कशाला जायचं? परत येऊन सांगायचं कुणाला? पहिल्या दिवशी अर्ध्या वाटेत धापा टाकत कुंपणाला धरून उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी पोचलो. नावं आहेत. माझं गंजून गेलंय, तुझं अर्धं दिसतं. (तुझ्या पेशी बऱ्या असाव्यात.) मग पुढच्या फोनला तू विचारलंस, पोहायच्या डोहावरचं ते बॉक्स एल्डरचं झाड? म्हणून तिकडे गेलो. त्यानंतरच्या वेळी म्हणालास, येन्स आजोबांचा मेंढ्यांचा गोठा? तिकडे गेलो. रात्री दोनला पाण्याची पाळी यायची तेव्हा आपण जिथे घोंगडीवर झोपायचो तो बांध; तू ट्रॅक्टर घातलास ते कुंपण; एलेन पीटरसनच्या घरासमोरचा दगड, जिथे तू बसायचास आणि ती बाहेर यायची नाही. एक एक करून मी सगळं बघून आलो आणि तुला सांगत गेलो. आठ प्रश्नांना कंपनीने दहा मिनिटं धरली होती; आपला एकटा चौथा प्रश्न पाऊण तास चालायचा, आणि उरलेल्या चारांना तू "ठीक, ठीक, ठीक, ठीक" लिहून टाकायचास. पंधरा महिन्यांत पंधरा फोन. जुलैत साखर सहा पॉइंट आठ. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा पाहिला आणि माझी जन्मतारीख पुन्हा विचारली.

इथवर सगळं छान होतं. पुढचं मात्र मी माझ्या हाताने केलं. ऑगस्टचा पहिला रविवार, उपासाचा दिवस, साक्षीची सभा, म्हणजे ज्याला वाटेल त्याने पुढे जाऊन देवाच्या कृपेचं सांगायचं. (मला औषधांमुळे उपास करायला डॉक्टरीणबाईंची मनाई आहे. मी ओट्स खाऊन गेलो होतो आणि उपाशी दिसायचा प्रयत्न करत होतो.) तुला माहीत आहे, मी जन्मात कधी साक्ष द्यायला उठलेलो नाही, व्हर्ला कोपराने ढोसायची तरी नाही. पण त्या दिवशी मनात आलं की देवाचे आभार चार लोकांत मानावेत. आभार तुझ्याबद्दल मानायचे होते. जाऊन उभा राहिलो. आता नुसतं "रुलॉनने फोन केला" म्हटलं तर लोकांना काय कळणार? म्हणून आधी पार्श्वभूमी सांगितली: साखर साडेआठ होती, रानचेरीच्या गोळ्यांचा डबा यायला लागला, पंधरावा महिना चालू आहे, साखर सहा पॉइंट आठ झाली. आणि मग म्हटलं, "पण खरी गोष्ट ही की माझा मित्र रुलॉन..." आणि एवढं म्हणताच मला रडू कोसळलं. तिथे कागदी रुमालांचा डबा ठेवलेला असतो ना, तो मी अर्धा संपवला. एक शब्द फुटेना. शेवटी आमेन म्हणून खाली बसलो. म्हणजे काय झालं बघ: साक्षीचा गोळ्यांचा भाग पुरा झाला, आणि तुझा भाग माझ्या घशात राहिला. सभेला वाटलं, म्हातारा गोळ्यांच्या गुणानेच एवढा गहिवरलाय. माझा अश्रू म्हणजे जाहिरातच झाली.

सभा सुटते ना सुटते तोच सिस्टर आर्डिस लुंड यांनी मला दारात गाठलं. "ब्रदर निल्सन, त्या गोळ्या जेवणाआधी की नंतर?" त्यांच्यामागे रांग. मी सांगत होतो, अहो, गोळ्यांचं नाही, मी चालायला लागलो, आणि माझा एक मित्र आहे... आर्डिसबाई म्हणाल्या, "किती विनम्र हो तुम्ही!" मला हरभऱ्याच्या झाडावर चढवून लोक तुझा नंबर घेऊन गेले. संध्याकाळी बिशपने बोलावलं. आमचा बिशप म्हणजे गॅरेजवाल्या डेल्टन थॉर्पचा धाकटा, आठवडाभर गाड्या दुरुस्त करतो आणि रविवारी बिशप असतो. त्याच्या गॅरेजमध्ये मी त्याला अरे म्हणतो आणि चर्चमध्ये अहो, त्यामुळे रविवारी माझी जीभ अडखळते. तो म्हणाला, "ब्रदर निल्सन, साक्षीच्या जागेवरून माल विकायचा नसतो." मी म्हटलं, "बिशप, मी विकत नव्हतो हो, मी रडत होतो." तो दार ओढून घेऊन हळूच म्हणाला, "माझ्या सासूची साखर नऊ आहे. त्यांना चालतील का?" मी म्हटलं, "आधी डॉक्टरांना विचारा, आणि मग त्यांना रोज कुणी तरी फोन करा." त्याने डॉक्टरांचं तेवढं लिहून घेतलं.

अकरा घरांनी डबे मागवले. मंगळवारी तुझा फोन आला तो प्रश्न विचारायला नाही, ओरडायला. "ओर्लिन! तू काय केलंस! मला नीलम मिळतंय!" तू इतका आनंदात होतास की चौथा प्रश्न विचारायचा राहिलाच. मी त्या महिन्यात खास तुझ्यासाठी डोंगराच्या तोंडापर्यंत जाऊन आलो होतो, रानचेरी पिकायला लागली का बघायला. म्हटलं, असू दे, पुढच्या वेळी सांगू. मग कंपनीचं गुळगुळीत पत्र आलं. त्यात तुझा हसरा फोटो, आणि खाली लिहिलेलं की नीलम पदाच्या मान्यवरांना आता फोन करावे लागणार नाहीत, तुमचा डबा दर महिन्याला आपोआप येईल, कुणी आठवण ठेवायची गरज नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी दहाला फोन वाजला आणि मी धावलो. (धावलो, रुलॉन. या गुडघ्यांनी.) एका पोरीचा गोड आवाज. "नमस्कार, ओर्लिन! आज आपल्याला कसं वाटतंय?" मी म्हटलं, "बरं वाटतंय, पण रुलॉन कुठाय?" ती म्हणाली, "छान! आता काही प्रश्न." तेव्हा कळलं की ते यंत्र आहे. चौथ्या प्रश्नाला म्हणाली, रोज चालत असाल तर एक दाबा, नसाल तर दोन दाबा. मी म्हटलं, बाई, मी डोंगराच्या तोंडापर्यंत गेलो होतो, रानचेरी पिकली आहे, ओढ्याकाठचं जुनं झाड पडलं पण बुंध्यातून नवीन फुटलंय, आणि हे रुलॉनला सांगायचंय. ती म्हणाली, "क्षमस्व, समजलं नाही. एक किंवा दोन दाबा." मी एक दाबला. या मंगळवारीही तिचाच फोन होता.

तर तुझं मनापासून अभिनंदन. तुला मोठं पद मिळालं आणि त्यात माझ्या रडण्याचा हातभार लागला याचा मला अभिमान आहे. यापुढे तू भाषणं करशील, नवीन माणसांना यादी करायला शिकवशील. त्यांना सांग, त्रेसष्टाव्या माणसालाही वगळू नका. जोलीन वहिनींना नमस्कार. नातवंडांना आशीर्वाद. पाणी भरपूर पीत जा, तिकडे ऊन फार.

तुझा,
ओर्लिन

ता.क. एक काम होतं. तो आपोआप येणारा डबा माझ्यापुरता बंद करून घेता येईल का? मला डबा नको असं नाही. हवा तर दोन घेईन. पण आधीसारखा, म्हणजे तू फोन करणार आणि मी "पाठव" म्हणणार, असा. नीलमांना फोन करायला बंदी नसेल ना? नियम आडवा येत असेल तर मला ग्राहकांतून काढ आणि गाय सुटली असं समजून फोन कर.

ता.ता.क. आता लपवण्यात अर्थ नाही. गोळ्या मी पहिल्या आठवड्यानंतर घेतलेल्या नाहीत. डॉक्टरीणबाईंना डबा दाखवला तर म्हणाल्या, तुमच्या औषधांबरोबर हे नको, आणि साखर यांनी उतरेल असा मला काही पुरावा दिसत नाही. म्हणून सगळे डबे तळघरात, गव्हाच्या पिंपांशेजारी, तारखेप्रमाणे ओळीने लावलेत. घरात वर्षभराचा धान्यसाठा ठेवावा ही चर्चची शिकवण मी एवढ्या काटेकोरपणे कधीच पाळली नव्हती. हे आर्डिसबाईंना मी स्वतः जाऊन सांगेन. त्या रागावतील, पण त्यांनाही मग चालायला सोबत घेईन म्हणतो. तू तेवढा रागावू नकोस. मला बरं कशाने वाटलं, हे मला त्या दिवशी चर्चमध्ये बोलता आलं नाही, ते इथे लिहिलं.

ता.ता.ता.क. सप्टेंबरपासून मी चाललेलो नाही. बूट दारात तसेच आहेत. वीस तारखेला, सोमवारी, साखर तपासायची आहे आणि मला त्या चष्म्यावरच्या नजरेची भीती वाटते. टपालवाला हे पत्र दारातून घेऊन गेला असता, पण आज मी स्वतः पोस्टात नेऊन टाकणार आहे, पायी. जाऊन-येऊन सव्वादोन हजार पावलं होतात. कुठे तरी लिहून ठेव.